पुढचा एक्सल बदलला नि गाडी धरू लागली

जुन्या बाजारातला पुढचा एक्सल पिकअपला बसवला. गाडी एरवी झकास पळते. पण फडातल्या चिखलात फोर-व्हीलचा दांडा टाकला की आखडते. मिस्त्रीने ब्रेक सैल केले, बेअरिंगं बदलली, खर्च झाला नि दुखणे तसेच!

अशा वेळी आम्ही आधी क्राऊन-पिनियनचे दाते मोजायला सांगतो. मागे क्राऊनचे ४१, पिनियनचे १० आणि पुढे ४१ व ११ निघाले, तर चाकाच्या एका फेऱ्याला मागचा शाफ्ट ४.१० वेळा, पुढचा ३.७३ वेळा फिरू पाहतो. फोर-व्हीलमध्ये दोन्ही एकत्र जखडलेले. मग ओढाताण होणारच. मोडते तेही महागाचेच.

हौसिंग न खोलताही हे कळते. सपाट जागी गियर न्यूट्रल, दांडा टू-व्हीलवर, हँडब्रेक सोडलेला. बाकीच्या चाकांना ठोकळे लावून एक चाक जॅकवर घ्या, हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे खडूच्या खुणेवर मोजा. पुढच्या चाकाचे हब लॉक करायला विसरू नका. पुढचा-मागचा आकडा जुळला नाही, तर जोड मिळेपर्यंत फोर-व्हील टाकू नका.

जुळला, तर टायरची मापे बघा. डांबरी सडकेवर फोर-व्हीलमध्ये वळताना गाडी धरते, तो मात्र एक्सलचा दोष नव्हे.