सोसलेली वेदना आणि भरपाईचा दावा

वेदना निमूटपणे सोसणे हा जैन घरांतील जुना संस्कार आहे. अठाईच्या शेवटच्या दिवशीही हसतमुखाने वावरणारी आई आणि साधू-साध्वींचा केशलोच पाहत वाढलेल्या माणसाला मोडलेल्या हाडाचे गाऱ्हाणे सांगणे कमीपणाचे वाटते. बावीस परिषहांत रोगही आहेच. परंतु हीच सहनशीलता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर पुष्कळदा जखमीच्याच विरुद्ध साक्ष देते.

रविवार कारंजावरील एखाद्या किराणा व्यापाऱ्याचे उदाहरण कल्पावे. मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रकची धडक बसून त्याच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रियेत सळई बसवावी लागली. तीन महिन्यांनी काठी टेकत तो पेढीवर येऊ लागला. डॉक्टरांनी विचारले की उत्तर ठरलेले: ‘बरं आहे, साहेब.’ केसपेपरवर तेवढेच उमटले. रात्री दोन वाजता पाय चोळत बसणारा माणूस त्या कागदांत कोठेच नाही. पुढे विमा कंपनीचे वकील उलटतपासणीत विचारतात, ‘दुकान रोज उघडता ना?’ तो खरे तेच सांगतो, ‘हो.’ त्या एका शब्दाखाली गोणी उचलायला ठेवलेला नवा नोकर, खरेदीला जाणारा पुतण्या आणि दुपारनंतर रिकामी राहणारी गादी, सारे झाकले जाते.

कायद्याची भूमिका मात्र इतकी कोरडी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६८ नुसार न्यायाधिकरणाने ‘न्याय्य’ भरपाई द्यायची असते. तीत औषधोपचार व बुडालेले उत्पन्न यांखेरीज वेदना व मनस्ताप हे स्वतंत्र सदर आहे. जीवनातील आनंदाला मुकणे हेही. हट्टंगडी विरुद्ध पेस्ट कंट्रोल या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला. २०२४ मध्ये के. एस. मुरलीधर यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने केवळ वेदनेपोटी १५ लाख रुपये दिले.

व्यापाऱ्यांसाठी अधिक उपयोगी निकाल राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा, २०१० चा. पायाला ४५ टक्के अपंगत्व म्हणजे कमाईत ४५ टक्के घट, असे सरळ गणित तेथे नाकारले गेले. अपघातापूर्वी माणूस काय करीत होता, आता काय करू शकतो आणि कमाईवर त्याचा परिणाम किती, हे पाहावे लागते. डावा हात गमावलेल्या सुताराची कमाई जवळजवळ संपते. कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. अपंगत्वाची प्रमाणपत्रे सढळ हाताने दिली जातात, असा इशाराही त्या निकालात आहे. म्हणून प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष मोलाची ठरते. आणि त्यांनी काय लिहून ठेवले, हे रुग्णाने त्यांना काय सांगितले यावर अवलंबून असते.

दुखणे वाढवून सांगणे हे असत्यच. पण असलेले दुखणे ‘बरं आहे’ म्हणून पुसून टाकणे हेही सत्यकथन नव्हे, हे घरातील वडीलधाऱ्यांनी समजून घ्यायला हवे. सामायिकाची ४८ मिनिटे मांडी घालून बसता येत नाही, म्हसरूळच्या गजपंथाच्या पायऱ्या चढता येत नाहीत, नातवाला उचलता येत नाही: डॉक्टरांना सांगण्याजोग्या, तारखेसह वहीत टिपून ठेवण्याजोग्या याच गोष्टी. सोसूनही दुकान चालविले, तर कसे चालविले हे सांगावे. किती तास बसता आले, कोणते काम दुसऱ्यावर सोपवले.

पैशाच्या बाजूलाही तोच नियम. नव्या नोकराचा पगार रोखीने गल्ल्यातून दिला, तर त्याचा पुरावा उरत नाही. बँकेतून दिला तर पासबुक बोलते. अपघातापूर्वीची आयकर विवरणपत्रे उत्पन्नाचा भक्कम आधार असतात, आणि विवरणपत्रात उत्पन्न कमी दाखविणाऱ्यास येथे त्याची किंमत मोजावी लागते. पत्नीने किंवा सुनेने केलेली शुश्रूषा बिलाविना असते, म्हणून ती शून्य किमतीची ठरत नाही. कोणी, किती महिने केली, हे दाव्यात नमूद करता येते.

‘आधी बरे होऊ, मग पाहू’ हा विचारही महागात पडतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. शिवाय कलम १७१ नुसार भरपाईवरील व्याज दावा दाखल केल्याच्या तारखेपूर्वीचे मिळत नाही.