शिल्पात बैल, मातीत कोंबड्यांची हाडं

मिथ्रा या रोमन देवाच्या भक्तांनी लिहिलेली एकही पोथी आपल्यापर्यंत पोचलेली नाही. ख्रिस्ती लेखकांनी त्यांच्याविषयी लिहिलं, पण तुटक आणि रागाने. बाकी सारं जमिनीतून शोधावं लागतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीपासून चौथ्या शतकापर्यंतची त्याची देवळं ब्रिटनच्या उत्तर सीमेपासून सीरियात युफ्रेटिसच्या काठापर्यंत विखुरली आहेत. रोमजवळच्या एकट्या ओस्तिया बंदरात ती पंधराहून अधिक आहेत.

सूर्यनमस्काराच्या पहिल्या मंत्रातला मित्र आणि प्राचीन इराणचा मिथ्र एकाच कुळातले. रोमनांनी नाव तिथूनच घेतलं. पण बैल मारणारा मिथ्रा जुन्या इराणी परंपरेत दिसत नाही. हे रूप रोमन जगातच घडलं असावं.

देऊळ म्हणजे लांबट, बिनखिडक्यांची, बहुधा जमिनीत उतरलेली खोली. मधोमध अरुंद वाट, दोन्ही अंगांना ओटे. समोर कोरलेलं दृश्य जवळपास सगळीकडे तेच : इराणी टोपी घातलेला तरुण बैलाच्या पाठीवर गुडघा रोवून सुरा खुपसतो आहे. कुत्रा आणि साप रक्ताकडे झेपावतात, विंचू बैलाच्या वृषणाला डसतो आणि शेपटीच्या टोकाला गव्हाची कणसं फुटतात. या चित्राच्या अर्थावर अभ्यासकांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. मला मात्र त्या ओट्यांचं मोल अधिक वाटतं. बैल आत आणून मारायला तिथे जागाच नव्हती. तिथे माणसं रेलून जेवत होती.

इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीलगत कॅरॉबरो इथे १९४९च्या कोरड्या उन्हाळ्यात दलदल आटली आणि दगडी वेद्यांची डोकी वर आली. पुढच्या वर्षी उत्खनन झालं. ओलाव्यामुळे ओट्यांच्या दर्शनी बाजूचा विणलेल्या फांद्यांचा कूडसुद्धा टिकला होता. तीन वेद्या तीन सेनाधिकाऱ्यांनी अर्पण केलेल्या. त्यांपैकी एकीवर मिथ्राच्या मस्तकाभोवतीचे किरण आरपार कोरलेले आहेत : मागे दिवा ठेवला की अंधारात तेच उजळत. भूमध्य सागराकडच्या पाइनची जळकी बोंडंही तिथे मिळाली. धुपासाठी एवढ्या लांबून आणलेली ही बोंडं पाहिली, की सीमेवरच्या त्या शिपायांची श्रद्धा हाताला लागल्यासारखी वाटते.

भक्त कोण होते, हे शिलालेख सांगतात. सैनिक होतेच, पण आजच्या स्लोव्हेनियातल्या प्तुय इथे जकात वसुलीच्या खात्यातले गुलाम होते, इतरत्र मुक्त झालेले गुलाम आणि व्यापारी. स्त्रिया जवळजवळ नाहीत. ओस्तियाच्या फेलिसिसिमुसच्या देवळात फरशीवर दीक्षेच्या सात पायऱ्या खड्यांनी चितारल्या आहेत, ‘कावळ्या’पासून ‘पित्या’पर्यंत. ‘सिंहा’च्या चौकटीत निखारे उचलायचं फावडं आहे. चुलीजवळचं काम बहुधा त्याच्याकडे असावं.

आणि या जेवणात काय होतं? बेल्जियममधल्या तीनेन गावात, तिसऱ्या शतकातल्या देवळाशेजारच्या खड्ड्यांत एका भल्या मोठ्या पंगतीचं उष्टं-खरकटं सापडलं. शेकडो कोंबडे, शिवाय कोकरं आणि डुकराची पिल्लं. पिल्लांच्या वयावरून जेवण जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या आरंभी, म्हणजे दिवस सर्वांत मोठा असतो त्या सुमारास झालं, असं प्राणितज्ज्ञांनी ताडलं. जेवणारे शंभराच्या वर असावेत. देवळात इतकी माणसं मावणं शक्यच नव्हतं, म्हणजे पंगत बाहेर बसली होती. गुप्त पंथ म्हणून ज्याची ख्याती, त्याचा सण सगळ्या गावाला दिसत होता!

इतर मिथ्रा-देवळांतही कोंबड्यांची हाडं भरपूर, गुराढोरांची त्या मानाने थोडी. दुर्दैव असं, की एकोणिसाव्या शतकात खोदणाऱ्यांनी शिल्पं उचलून संग्रहालयात नेली आणि हाडं बहुतेक मातीबरोबर फेकून दिली. फ्रांत्स क्यूमाँ यांनी त्या शतकाच्या अखेरीस पंथाचा पहिला मोठा इतिहास रचला, तो मुख्यतः दगडांवर आणि लेखांवर. तीनेनला चाळणीतून निघालं तसं खरकटं तेव्हा कुणी जपलं असतं, तर मिथ्राच्या भक्तांना आपण गूढ अंधारात बैल मारणारी मंडळी न म्हणता, उन्हाळ्यात मोठी पंगत घालणारी माणसं म्हणून कितीतरी आधी ओळखलं असतं.