घोड-भीमेकाठची चव

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगावचा महागणपती मागे टाकला की घोडनदीच्या काठी शिरूर लागते. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी रेल्वे भीमेकाठी दौंडला थांबते आणि तेथूनच मनमाडचा फाटा निघतो. व्यापारी कुटुंबांना ही दोन्ही गावे परकी नाहीत. आडत, किराणा, कापड, सोयरीक किंवा चातुर्मासातील गुरुदर्शन या निमित्ताने तेथे येणे-जाणे असतेच. तरीही आलेल्या पाहुण्यांच्या ताटात बहुधा पनीरची भाजी आणि शहरी मिष्टान्न पडते. या मातीतले पदार्थ मात्र अनोळखीच राहतात. त्यांत कांदा-लसूण असणारच, ही शंका त्यामागे असते. शंका रास्त आहे; पण यांतील बहुतेक पदार्थांचा जीव कांदा-लसणात नसून धान्यात आणि डाळीत आहे.

याचे कारण भूमीत सापडते. धरणांचे कालवे येण्यापूर्वी हा सारा प्रदेश अवर्षणाचा होता. पावसाळ्यात बाजरी, रब्बीत ज्वारी, जोडीला हुलगा, मटकी, तीळ आणि करडई, एवढ्यावर घर चाले. हिरवी भाजी वर्षातून थोडेच महिने मिळत असल्याने येथील गृहिणीने कोरड्या धान्यातून कालवण उभे केले. मारवाडातून येथे आलेल्या कुटुंबांना ही रीत नवी नव्हती. तिकडचा बाजरीचा सोगरा इकडे भाकरी झाला, गट्ट्यांच्या जागी शेंगोळे आले आणि मंगोडीला सांडग्यांची सोबत मिळाली. तिथीला हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्या घरांना तर हा स्वयंपाक आयताच सोयीचा ठरला.

व्यापारी आणि शेतकरी यांचे नाते मात्र नेहमीच असे गोड नव्हते. १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. मे १८७५ मध्ये तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे कर्जाचे कागद जाळणारा उठाव झाला आणि तो पुढे अनेक गावांत पसरला. त्यातूनच १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा आला. ज्या गावांत एकेकाळी पाणी आणि मजुरीही नाकारली गेली, त्याच परिसरात पुढे शेतातला हुरडा पेढीवर येऊ लागला आणि पेढीवरचे फराळाचे ताट वाड्यावस्तीवर जाऊ लागले. पदार्थांची ही देवघेव म्हणजे तुटलेला विश्वास पुन्हा जोडला गेल्याची खूण आहे.

या भागाचा सर्वांत अस्सल पदार्थ म्हणजे हुलग्याचे शेंगोळे. हुलगा हा घोड्यांचाही खुराक. भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली होती, त्यामुळे हे धान्य येथे मुबलक असे. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ, तिखट, मीठ आणि जिरे घालून घट्ट मळतात. हातावर लांब वळ्या वळून त्यांची कडी करतात आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडतात. लसणाऐवजी हिंग, तीळ आणि सुंठ घातली तरी हुलग्याचा मातकट खमंगपणा उणावत नाही. वर साजूक तूप हवेच. थंडीत हा पदार्थ अंगाला ऊब देतो.

मासवडीची गोष्ट थोडी वेगळी. जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि पारनेर या पट्ट्यात ती मानाची. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापतात. त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, दाण्याचा कूट आणि कोथिंबीर यांचे सारण पसरून वळकटी करतात, वड्या कापतात आणि झणझणीत रश्श्यासोबत वाढतात. नाव मासोळीच्या आकारावरून पडल्याचे सांगतात. पिठाच्या कोंबड्याचा बळी दिल्याने यशोधर राजाला आणि त्याच्या मातेला भवोभव भटकावे लागले, ही कथा ज्या घरांत सांगितली जाते, तेथे हा आकार खटकणे स्वाभाविक आहे. त्यावर उपाय सोपा: वळकटी गोल ठेवावी आणि नाव 'सारणवडी' घ्यावे. चव सारणाची आहे, आकाराची नाही. रश्श्याला भाजलेले खोबरे, तीळ आणि खसखस यांचे वाटण पुरेसे दाट होते.

पौष-माघात जावे ते हुरड्यासाठी. ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजून हातावर चोळतात आणि गरम दाणे तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या चटणीसोबत, गुळासोबत खातात. हुरड्यासाठी गुळभेंडीसारखे जुने वाण प्रसिद्ध आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' हे वाणही दिले आहेत. हुरडा दिवसाउजेडी शेतात खाण्याचा पदार्थ असल्याने चौविहाराला बाध येत नाही. फक्त आठम-चौदस टाळावी आणि कणीस निखाऱ्यावर ठेवण्यापूर्वी अळीकिड्यासाठी नीट पाहून घ्यावे. ही जयणा यजमानाला आधी सांगितली तर तोही आनंदाने पाळतो. मोराची चिंचोली येथील कृषी पर्यटन केंद्रांत चुलीवरची भाकरी आणि पिठलेही मिळते. पिठल्यासोबत कच्चे दही-ताक घेतल्यास द्विदल होते, हे लक्षात असू द्यावे.

दौंड तालुक्याची ओळख गुऱ्हाळांची. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला आणि केडगाव-पाटस परिसरात गुळाच्या कढया पेटल्या. रस उकळताना वर येणारी मळी काढत राहतात; रस दाट होऊ लागला की मधल्या टप्प्यावर काकवी मिळते. ताज्या बाजरीच्या भाकरीबरोबर तूप-काकवी, एवढेच जेवण पुरे. गूळ घेताना पिवळ्याधमक रंगाला भुलू नये. रसायनांशिवाय केलेला गूळ बहुधा गडद असतो. याच गुळाची पुरणपोळी आणि पुरणाच्या डाळीच्या पाण्याची येळवणीची आमटी बैलपोळ्याला घरोघर होते. आमटीत गरम मसाला आणि चिंच असली की कांद्याची आठवणही येत नाही.

ज्या कालव्याने गूळ दिला, त्यानेच हुलग्याची शेते मागे सारली. बाजरी-हुलग्याच्या रानात ऊस उभा राहिला आणि दुकानातले हुलग्याचे पोते आखडले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले खरे, पण धान्य टिकते ते रोजच्या मागणीवर. कांदा-लसणाविना शेंगोळे कसे करावेत, सांडग्यांना आंबटपणा कशाने आणावा, हे ज्ञान बहुतेक घरांत आजी-सासूबाईंच्या हातातच आहे. कोणत्याही वहीत ते उतरलेले नाही. मुले-सुना पुण्या-मुंबईत स्थिरावल्या की ते हात थांबतात आणि ती चवही थांबते.

म्हणून पुढच्या खेपेस शिरूर-दौंडच्या साधर्मिकाकडे जाणाऱ्यांनी एक दिवस आधी निरोप द्यावा: पनीर नको, शेंगोळे करा, सूर्यास्तापूर्वी येतो. स्वयंपाकघरात थोडा वेळ बसून प्रमाण लिहून घ्यावे. परतताना तेथल्याच दुकानातून किलोभर हुलगे घ्यावेत. घेणारा असला की पेढीवाला माल ठेवतो आणि माल उठू लागला की शेतकरी पेरतो. व्यापारी कुटुंबांना हे वेगळे सांगावे लागत नाही.