उत्तेजक द्रव्य सुटल्यावर कोवळ्या मेंदूचे काय होते?

कोकेन, अ‍ॅम्फेटामिन, मेथॅम्फेटामिन, मेफेड्रोन, तंबाखूतले निकोटिन आणि एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता) असलेल्या मुलांना डॉक्टर लिहून देतात ते मिथाइलफेनिडेट, ही सारी उत्तेजक द्रव्ये. त्यांची ताकद सारखी नाही, कायद्याच्या नजरेतही ती एका रांगेत बसत नाहीत. पण मेंदूत शिरल्यावर सगळ्यांचा रोख डोपामिन या रसायनाकडे असतो. एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि तिच्यासाठी उठून धडपडणे यामागे डोपामिनचा मोठा हात असतो. पेशीबाहेर पडलेले डोपामिन परत आत ओढून घेणारी यंत्रणा कोकेन आणि मिथाइलफेनिडेट अडवून ठेवतात. अ‍ॅम्फेटामिन आणि मेफेड्रोन त्याहून पुढे जाऊन पेशीतला साठाच बाहेर काढतात. अंमल असेपर्यंत भूक, झोप, थकवा यांची आठवण राहत नाही. द्रव्य थांबले की सारे उलट फिरते, आणि हा उलटा प्रवास म्हणजे विथड्रॉवल.

दारू किंवा गर्द सुटताना जे होते ते घरच्यांना डोळ्यांनी दिसते: हात थरथरतात, उलट्या होतात, अंग मोडून येते. उत्तेजकांच्या बाबतीत शरीराची तक्रार कमी आणि मनाची जास्त. येल विद्यापीठातील फ्रँक गॉविन आणि हर्बर्ट क्लेबर यांनी १९८६ मध्ये कोकेन सोडणाऱ्या रुग्णांच्या निरीक्षणावरून या काळाचे तीन टप्पे मांडले. पहिल्यात माणूस कोसळतो. खूप झोपतो, खूप खातो आणि खोल उदास होतो. पुढचे काही आठवडे जगणे बेचव होते, कशातच रस वाटत नाही आणि तलफ वाढते. तिसऱ्या टप्प्यात मन बरेचसे सावरलेले असते, पण जुनी जागा, जुना मित्र दिसताच तलफ पुन्हा उसळते. हे वर्णन मोठ्या माणसांचे होते. मेंदू अजून घडत असताना, चौदाव्या-पंधराव्या वर्षी, हाच अनुभव आला तर काय होईल, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. मुलांना मुद्दाम नशेची द्रव्ये देऊन तो तपासता येत नाही, म्हणून शास्त्रज्ञ उंदरांकडे वळले.

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराचे दूध साधारण एकविसाव्या दिवशी तुटते. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या लिंडा स्पीअर यांनी केलेल्या मांडणीनुसार अठ्ठावीस ते बेचाळीस दिवस हा त्याच्या किशोरवयाचा गाभा. काही संशोधक हा काळ साठाव्या दिवसापर्यंत ताणतात. या दिवसांत उंदीर बरोबरीच्यांशी सर्वाधिक खेळतो, नव्या जागा धुंडाळतो आणि जो धोका प्रौढ उंदीर पत्करणार नाही तो पत्करतो. त्याच्या मेंदूत याच वेळी मोठी उलथापालथ चाललेली असते. मेंदूच्या स्ट्रायटम या भागात डोपामिन ग्रहण करणारे रेणू चाळिसाव्या दिवसाच्या आसपास भरमसाट वाढतात आणि नंतर त्यांची छाटणी होते. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मार्टिन टायशर आणि सुसान अँडरसन यांनी ही वाढ आणि घट मोजून दाखवली. बाहेरून आलेले उत्तेजक द्रव्य नेमके या छाटणीच्या दिवसांत मेंदूत शिरते, हे लक्षात घेतले की किशोरवयाचा वेगळा विचार का करावा लागतो ते कळते.

उंदीर आपले मन सांगू शकत नाही, ते वागण्यातून वाचावे लागते. चिंता मोजण्यासाठी जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंच ठेवलेली, अधिक चिन्हाच्या आकाराची पट्टी वापरतात. तिच्या दोन भुजांना भिंती असतात, दोन उघड्या असतात. उंदराला मधोमध सोडून पाच मिनिटे पाहायचे. निर्धास्त उंदीर उघड्या भुजेच्या टोकापर्यंत जाऊन खाली डोकावतो. धास्तावलेला भिंतींच्या आडोशाला बसून राहतो.

आनंदाची ओढ साखरेच्या पाण्याने मोजतात. पिंजऱ्यातला खटका दाबला की गोड पाण्याचा घोट मिळतो, पण प्रत्येक घोटानंतर पुढच्यासाठी जास्त वेळा दाबावे लागते. उंदीर कधी तरी प्रयत्न सोडून देतो, आणि तो कुठवर गेला यावरून त्याला ते गोड किती हवे होते हे ठरते. व्हँकुव्हरमध्ये अ‍ॅलस्डेअर बार आणि अँथनी फिलिप्स यांनी १९९९ मध्ये दाखवले की अ‍ॅम्फेटामिन बंद केलेले उंदीर या कामात लवकर हार मानतात.

तिसरी चाचणी रॉजर पोरसोल्ट यांनी १९७७ मध्ये मांडली. पाण्याने भरलेल्या काचेच्या उभ्या नळकांड्यात उंदीर किती वेळ पोहण्याची धडपड करतो आणि किती वेळ नुसता तरंगत राहतो हे तीत पाहतात. तरंगणे म्हणजे हताशा, असा अर्थ अनेक वर्षे लावला गेला. त्यावर आता रास्त आक्षेप आहेत, कारण सुटका नाही हे कळल्यावर शक्ती वाचवणे हा शहाणपणाही असू शकतो. म्हणून या एकाच चाचणीवर उभा असलेला निष्कर्ष जपून घ्यावा. अनेक चाचण्या एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा मात्र तो निष्कर्ष बाजूला सारता येत नाही.

सर्वांत थेट पुरावा मेंदूतूनच मिळतो. माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांना १९५४ मध्ये आढळले की मेंदूच्या ठरावीक भागात बारीक तार बसवली तर तिथे विजेचा सौम्य झटका मिळवण्यासाठी उंदीर आपणहून खटका दाबत राहतो. किती कमी विजेवर त्याचे समाधान होते, हा त्याच्या सुखाचा उंबरठा. अथिना मार्कू आणि जॉर्ज कूब यांनी १९९१ मध्ये दाखवले की कोकेन थांबल्यावर हा उंबरठा वर चढतो, आणि उंदराने जितके जास्त तास कोकेन घेतलेले असेल तितका जास्त काळ तो चढलेलाच राहतो. कालपर्यंत जे सुख पुरत होते ते आज पुरत नाही, असा याचा अर्थ.

यामागे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. एकीकडे डोपामिनची पातळी नेहमीपेक्षा खाली जाते आणि डायनॉर्फिन हे मेंदूतच तयार होणारे, मन खट्टू करणारे रसायन वाढते. दुसरीकडे ताणाची यंत्रणा जागी होते. वायली व्हेल यांच्या गटाने १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये सीआरएफ हे संप्रेरक वेगळे काढले. हायपोथॅलॅमसमधून सुटलेले सीआरएफ पिट्युटरीला आणि पिट्युटरी मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना हुकूम देते. मग रक्तात माणसाच्या बाबतीत कॉर्टिसोल आणि उंदराच्या बाबतीत कॉर्टिकोस्टेरॉन वाढते. हेच सीआरएफ भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डला या भागातही काम करते. कोकेन थांबल्यानंतर तिथे त्याची पातळी वाढलेली आढळते. झोल्तान शार्न्याई आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये उंदरांच्या मेंदूतले सीआरएफ प्रतिपिंडांनी निष्प्रभ केले, तेव्हा कोकेन सुटल्यानंतरची चिंता दिसली नाही. मनाची ही घालमेल दुबळ्या स्वभावातून येत नाही, तिला रासायनिक कारण आहे, हे यातून स्पष्ट झाले.

आता किशोर उंदरांकडे. त्यांच्यात हे सारे प्रौढांपेक्षा तीव्र असेल अशी अपेक्षा कोणीही करील. निकोटिनच्या बाबतीत नेमके उलटे दिसले. लॉरा ओ'डेल आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून केलेल्या प्रयोगांत किशोर उंदरांना निकोटिन सुटण्याचा त्रास प्रौढांपेक्षा कमी झाला. शारीरिक लक्षणे कमी दिसली आणि त्या अवस्थेची नावडही कमी. यात दिलासा मानण्यासारखे काही नाही. त्रास हा एक ब्रेक असतो. सुख पूर्ण मिळाले आणि सोडताना फारसे दुखले नाही, तर पुन्हा घेण्यापासून अडवणारे उरते काय?

शिवाय त्रास लगेच दिसला नाही म्हणून तो झालाच नाही असे नसते. सर्जिओ इन्यिगेझ, कार्लोस बोलान्योस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही उंदरांना किशोरवयात आणि काहींना प्रौढपणी पंधरा दिवस निकोटिन दिले. प्रौढपणी निकोटिन मिळालेल्यांमध्ये पुढे उदासीसारखी लक्षणे आढळली नाहीत. किशोरवयात मिळालेल्यांमध्ये ती आढळली, आणि तीही ते मोठे झाल्यावर.

मिथाइलफेनिडेटवरचा प्रयोग याहून बोलका आहे. बोलान्योस तेव्हा एरिक नेस्लर यांच्या गटात होते. त्यांनी निरोगी उंदरांना विसाव्या ते पस्तिसाव्या दिवसापर्यंत रोज दोनदा, वजनाच्या दर किलोमागे दोन मिलिग्रॅम या प्रमाणात औषध टोचले आणि मग ते मोठे होईपर्यंत काहीच दिले नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते: हे उंदीर साखरेचे पाणी, नवी जागा, मादीचा सहवास या नैसर्गिक सुखांना कमी दाद देत होते, ताणाच्या प्रसंगी जास्त घाबरत होते, आणि ताण दिल्यावर त्यांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन जास्त चढत होते. औषध थांबून कित्येक आठवडे लोटले होते, तरी सुखाची आणि ताणाची दोन्ही मापे सरकलेली होती. त्याच वर्षी मॅक्लीन रुग्णालयातील विल्यम कार्लेझॉन यांच्या गटालाही लहानपणी हे औषध मिळालेल्या उंदरांमध्ये मोठेपणी उदासीसारखे वागणे दिसले.

किशोरवयीन शरीराची ताणाला प्रतिसाद देण्याची रीतही वेगळी असते. रसेल रोमियो यांनी लहान आणि प्रौढ उंदरांना अर्धा तास हालचाल करता येणार नाही असे अडकवून ठेवले आणि नंतर रक्त तपासले. लहानांमध्ये चढलेले कॉर्टिकोस्टेरॉन मूळ पातळीवर यायला प्रौढांपेक्षा पाऊण ते एक तास जास्त लागला. एकच ताण कोवळ्या मेंदूला जास्त वेळ झेलावा लागतो. कोकेन आणि अ‍ॅम्फेटामिन स्वतःच हे संप्रेरक वाढवतात, म्हणजे ताणाची यंत्रणा द्रव्य घेतानाही ढवळली जाते आणि सोडतानाही.

या प्रयोगांच्या मर्यादा सांगणे आवश्यक आहे, कारण एडीएचडीचे औषध घेणाऱ्या मुलांचे पालक त्यांतून भलताच अर्थ काढू शकतात. ते उंदीर निरोगी होते, त्यांना एडीएचडी नव्हता. औषध तोंडावाटे न देता टोचले होते. टोचलेले औषध मेंदूत झपाट्याने चढते, गोळी हळू चढते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत औषध घेणाऱ्या मुलाची तुलना या उंदरांशी करता येत नाही, आणि असे लेख वाचून कोणीही मुलाचे औषध परस्पर बंद करू नये. आणखी एक उणीव म्हणजे वर्षानुवर्षे बहुतेक प्रयोग फक्त नरांवर झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून संशोधनात दोन्ही लिंगांचा विचार करणे आवश्यक ठरवले, त्यानंतर माद्यांविषयीची माहिती हळूहळू जमू लागली आहे.

झालेला बदल कायमचाच असतो असेही नाही. बोलान्योस यांच्या गटाने २००८ मध्ये लहानपणी मिथाइलफेनिडेट मिळालेल्या प्रौढ उंदरांना फ्लुओक्सेटिन हे उदासीवरचे औषध दिले, तेव्हा त्यांचे बिघडलेले वागणे पुष्कळसे सावरले.

महाराष्ट्रात हा विषय पुस्तकी राहिलेला नाही. एमडी किंवा म्याऊ म्याऊ या नावाने विकले जाणारे मेफेड्रोन हे याच कुळातले उत्तेजक. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून त्याचा प्रचंड साठा पकडला. एमडी सोडलेला मुलगा दिवसभर झोपतो, कशातच लक्ष घालत नाही, साध्या बोलण्यावर अंगावर येतो, तेव्हा घरच्यांना तो आळस किंवा माज वाटतो. त्या दिवसांत त्याला रागावून एकटे सोडू नये. पहिल्या काही आठवड्यांत उदासी टोकाला जाऊ शकते, आत्महत्येचे विचार येऊ शकतात. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यात दिरंगाई करू नये. मुलगा वरवर ठीक दिसला तरी परीक्षा, भांडण, अपयश अशा ताणाच्या प्रसंगी पुढचे कित्येक महिने त्याच्याकडे लक्ष ठेवावे. टेलि-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही सरकारी क्रमांक मोफत आहेत.