आधी फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा, मग नवा कॅमेरा घ्या!



नरडाणा, शिंदखेडा, शिरपूर या पट्ट्यात फोटोग्राफीचा धंदा सुरू करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, कॅमेरा कोणता घेऊ?" प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा आहे. ग्राहक तुमच्या कॅमेऱ्याचं मॉडेल विचारत नाही. तो अल्बममध्ये आपल्या मुलीचा चेहरा कसा आलाय ते बघतो. आणि चेहरा उठून दिसतो तो उजेडामुळे.

म्हणून आज आपण एका छोट्या वस्तूबद्दल बोलू: वायरलेस रेडिओ ट्रिगर. मोठ्या कॅमेऱ्याचा हप्ता डोक्यावर घेण्याआधी ही वस्तू समजून घ्या.

फ्लॅश कॅमेऱ्यावरच ठेवला तर काय बिघडतं?

उजेड सरळ समोरून पडतो. चेहरा सपाट दिसतो, कपाळावरचा घाम चमकतो आणि मागच्या पडद्यावर काळी सावली येते. मोठ्या हॉलमध्ये पांढरं छत असेल तर फ्लॅश वर वळवून काम भागतं. पण आपल्याकडे हळद बहुतेक वेळा अंगणात असते. वर लाल-पिवळा मांडव असेल तर त्याच रंगाचा उजेड चेहऱ्यावर उतरतो. वर मोकळं आभाळ असेल तर उजेड परत येणारच नाही.

यावर उपाय म्हणजे फ्लॅश स्टँडवर लावायचा, बाजूला, डोक्यापेक्षा थोडा उंच. नाक, गाल, नथ, शालूची जर सगळं उठून दिसतं. मग कॅमेरा इथे आणि फ्लॅश तिथे, तर तो पेटवायचा कसा? त्यासाठीच ट्रिगर.

ट्रिगर काम कसं करतो?

कॅमेऱ्याच्या डोक्यावर, जिथे एरवी फ्लॅश बसतो तिथे, ट्रान्समीटर बसवायचा. फ्लॅशला रिसीव्हर लागतो. आजकालच्या बऱ्याच फ्लॅशमध्ये तो आतच असतो. तुम्ही बटण दाबलं की ट्रान्समीटर रेडिओ सिग्नल पाठवतो आणि फ्लॅश त्याच क्षणी पेटतो.

काही स्वस्त फ्लॅश दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून पेटतात. घरी सरावाला ते चालतात, पण लग्नात गडबड होते. पाहुण्यांपैकी कोणी फ्लॅश मारला की तुमचाही पेटतो आणि ऐन वरमालेच्या वेळी तो चार्ज नसतो. दुपारच्या उन्हात तर त्याला समोरचा उजेड धड दिसतही नाही. रेडिओला ऊन, पडदा, कोपरा यांची अडचण येत नाही.

बहुतेक ट्रिगर २.४ गीगाहर्ट्झवर चालतात. कमी ताकदीच्या उपकरणांसाठी हा पट्टा भारतात २००५ पासून परवान्याशिवाय खुला आहे. परदेशातून कोणी वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा जुना ट्रिगर आणून दिला तर तो घेऊ नका. दुकानातून पक्क्या बिलावर घ्या, म्हणजे वॉरंटीही मिळते.

या पाच गोष्टी पाठ करा

१. जोडी जुळली पाहिजे. कॅनन, निकॉन, सोनी यांचे ट्रिगर वेगवेगळे येतात. डब्यावर आपल्या कॅमेऱ्याचं नाव बघा. शक्यतो ट्रिगर आणि फ्लॅश एकाच कंपनीचे घ्या.

२. चॅनल आणि ग्रुप. ट्रिगर आणि फ्लॅश, दोन्हींवर चॅनल एकच हवा. शेजारी दुसरा फोटोग्राफर त्याच चॅनलवर असेल तर त्याच्या बटणावर तुमचा फ्लॅश पेटेल. वायफायही याच पट्ट्यात चालतं. फ्लॅश मधूनच चुकायला लागला तर आधी चॅनल बदला. दोन फ्लॅश असतील तर एक ग्रुप 'ए', दुसरा 'बी'. मग दोघांची ताकद कॅमेऱ्याजवळूनच कमी-जास्त करता येते.

३. शटरची मर्यादा. बहुतेक कॅमेऱ्यांत ती १/२०० किंवा १/२५० असते. त्यापुढे गेलात की सेन्सर एका वेळी पूर्ण उघडा नसतो आणि फोटोच्या कडेला काळा पट्टा येतो. सुरुवातीला १/१२५ वर राहा. 'हाय स्पीड सिंक' नावाची सोय असते, पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते.

४. अंतर. फ्लॅश एक मीटरवरून दोन मीटरवर नेला तर उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा उरतो. म्हणून आधी स्टँड जवळ आणा, मग ताकद वाढवा. बॅटरीही वाचते.

५. उंची. माणसाच्या शरीरात पाणी असतं आणि ते हा सिग्नल शोषून घेतं. गर्दीत फ्लॅश डोक्यांच्या वर ठेवा.

संध्याकाळच्या हळदीला सुरुवात अशी करा: मॅन्युअल मोड, शटर १/१२५, ॲपर्चर एफ ५.६, आयएसओ ८००, पांढऱ्या छत्रीतून फ्लॅश १/१६ ताकदीवर, अंतर दोन मीटर. एक फोटो काढून बघा. चेहरा जास्त उजळला तर फ्लॅशची ताकद कमी करा. मागच्या लायटिंगच्या माळा अंधारल्या तर शटर १/६० करा. चेहऱ्याचा उजेड फ्लॅश ठरवतो, मागचा उजेड शटर ठरवतं. एवढं समजलं की अर्धं काम झालं.

लग्नसराई संपल्यावर काय?

इथेच खरा धंदा आहे. नरडाण्याहून धुळ्याकडे निघालं की महामार्गावर सोनगीर लागतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव ओळखलं जातं. आज भांडी मोबाईलवर फोटो पाहून विकली जातात, आणि चकचकीत भांड्याचा फोटो काढणं सोपं नाही. भांडं आरशासारखं असतं. त्यात खिडकी, पंखा, तुम्ही, सगळं दिसतं.

युक्ती अशी: फ्लॅश आणि भांडं यांच्या मध्ये पांढरं पातळ कापड ताणून लावा. फ्लॅश कापडावर मारा. मग भांड्यात फ्लॅशचा टोचरा ठिपका न दिसता रुंद, मऊ चमक दिसते आणि ठोक्यांची नक्षी उठून येते. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल. हे काम कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने होत नाही. नरडाणा एमआयडीसीतल्या छोट्या युनिटलाही कॅटलॉगसाठी असेच स्वच्छ फोटो लागू शकतात. विचारायला जा, सोबत दोन नमुने घेऊन जा.

आता हिशोब मांडू

समजा फ्लॅश, ट्रिगर, स्टँड, छत्री, सेल आणि चार्जर मिळून १५,००० रुपये लागले. खरे भाव तुम्ही दोन दुकानांत विचारून घ्या. स्टँडपाशी उभा राहायला एक मदतनीस लागेल. गर्दीत पोरं धावतात आणि स्टँड पडला तर फ्लॅश तर जातोच, कोणाला लागूही शकतं. समजा 'खास लायटिंग'चे जादा १,५०० घेतले आणि मदतनिसाला ५०० दिले. उरले १,०००. म्हणजे १५ कार्यक्रमांत संच फुकट.

एका हंगामात १५ कार्यक्रम मिळतील असं वाटत नाही? मग ओळखीच्या फोटोग्राफरकडून भाड्याने घ्या. भाडं जड वाटेल, पण न वापरलेल्या वस्तूचा हप्ता त्याहून जड असतो. मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं हे खरं, पण कर्ज मिळतंय म्हणून घ्यायचं नसतं. परतफेडीचा रस्ता दिसला तरच घ्या.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी

वरमाला एकदाच पडते. "ट्रिगर चालला नाही" हे कारण मुलीच्या वडिलांना सांगता येत नाही. म्हणून आदल्या रात्री सेल पूर्ण चार्ज करा, जादा सेट सोबत ठेवा. ट्रिगरचे सेल विसरू नका! एप्रिल-मे मध्ये बॅग उन्हातल्या गाडीत ठेवू नका. सलग पूर्ण ताकदीवर फ्लॅश मारला तर तो तापून थांबतो. स्टँडच्या पायाला पाण्याने भरलेला कॅन बांधा. आणि ट्रिगर बंद पडलाच, तर फ्लॅश लगेच कॅमेऱ्यावर चढवून फोटो चालू ठेवायचे. हा सरावही घरी करून जा.

आजचं काम: घरातला तांब्याचा एक तांब्या घ्या. फ्लॅश नसेल तर खिडकीत पांढरं कापड लावा. एक फोटो समोरून उजेड घेऊन काढा, एक बाजूने. दोन्ही शेजारी ठेवून घरच्यांना विचारा, "कोणता विकत घ्याल?" मिळालेलं उत्तर कमेंटमध्ये नक्की लिहा.

शिकत राहा, हिशोब मांडत राहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!