ठाणे खाडीची बोटसफर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठाणे खाडीची बोटसफर म्हणजे कांदळवन, चिखलपट्टे आणि पाणपक्षी जवळून दाखवणारा तासाभराचा जलप्रवास. विठ्ठलवाडीहून लोकलने ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोली आणि पुढे कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र, एवढ्या अंतरावर ही सोय आहे. केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले आणि तिथल्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीला आता दर हिवाळ्यात गर्दी असते. गर्दीबरोबर समजुतीही वाढल्या. त्यातल्या काही निरुपद्रवी आहेत; काहींमुळे मात्र तिकीट काढूनही पाहायचे ते राहून जाते.

पहिली समजूत सफरीच्या आकाराबद्दलची. ‘क्रूझ’ म्हटले की डोळ्यांपुढे मजलेदार जहाज, पोहण्याचा तलाव आणि जेवणाच्या रांगा येतात. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेल्या ‘आंग्रिया’ने ही प्रतिमा मराठी घरांत पक्की केली. निसर्ग पाहण्यासाठी निघणाऱ्या जहाजांची परंपरा मात्र याच्या उलट आहे. लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी १९६६ मध्ये पर्यटकांची तुकडी अंटार्क्टिकाला नेली आणि १९६९ मध्ये याच कामासाठी ‘लिंडब्लाड एक्स्प्लोरर’ हे छोटे जहाज बांधून घेतले. छोटे जहाज उथळ पाण्यात शिरते, कमी आवाज करते आणि सोबतच्या जाणकाराचे बोलणे सगळ्यांच्या कानी पडते. अंटार्क्टिकात आजही एका वेळी शंभराहून जास्त प्रवाशांना किनाऱ्यावर उतरवत नाहीत आणि पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला एकालाही उतरवता येत नाही. ऐरोलीची बोट याच घराण्यातली, फक्त फारच धाकटी. तिच्यावर खानपान नसते ही तक्रार म्हणूनच गैरलागू आहे.

दुसरा घोटाळा भूगोलाचा. विठ्ठलवाडी-उल्हासनगर भागात वालधुनीचे पाणी ‘ठाण्याच्या खाडीत’ जाते असे सर्रास म्हटले जाते. वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगर, विठ्ठलवाडी करत कल्याणला येते आणि उल्हास नदीच्या खाडीला मिळते. उल्हासचा मुख्य प्रवाह तिथून डोंबिवली, ठाणे, घोडबंदर असा पश्चिमेला वळून वसईजवळ समुद्रात उतरतो. ठाणे खाडी ही वेगळी. ती दक्षिणेकडून, मुंबई बंदराच्या बाजूने, आत शिरलेली समुद्राची जीभ आहे. तिची लांबी सुमारे २६ किलोमीटर असून ट्रॉम्बेकडे ती ऐसपैस आणि ठाण्याकडे चिंचोळी आहे. ठाण्याजवळच्या एका अरुंद, उथळ वाटेने ती उल्हासला जोडलेली आहे खरी, पण म्हणून दोन्ही एक होत नाहीत. उल्हासच्या खाडीत नदीचे गोडे पाणी वर्षभर उतरते, तर ठाणे खाडी पावसाळा संपला की झपाट्याने खारट होते आणि उन्हाळ्यात जवळजवळ समुद्रच बनते. इथल्या जीवसृष्टीला हा चढउतार सोसावा लागतो.

सर्वांत जास्त हिरमोड ज्या समजुतीने होतो ती वेळेची. सकाळ म्हणजे पक्ष्यांची वेळ, हा डोंगर-जंगलातला नियम खाडीला लागू नाही. इथले घड्याळ भरती-ओहोटीचे. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणजे आज जी भरती दुपारी एकला ती उद्या पावणेदोनच्या पुढे. कोकणात यासाठी जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा सुमार कळतो. चतुर्थीला चारचे पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या आसपास. अष्टमीला सहाच्या आसपास. मुंबईच्या किनाऱ्याला हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. खाडीत आत ऐरोलीपर्यंत पाणी चढायला थोडा जास्त वेळ लागतो.

याचा सफरीशी संबंध असा की बोटीला पाणी हवे आणि पक्ष्यांना चिखल. पूर्ण भरतीत चिखलपट्टे बुडतात. रोहित (फ्लेमिंगो) तेव्हा नेरूळकडच्या उथळ तलावांवर किंवा कांदळवनाच्या आडोशाला जाऊन उभे राहतात आणि बोटीतून दिसते ते नुसते पाणी. पूर्ण ओहोटीत पक्षी भरपूर, पण बोट त्यांच्याजवळ जाऊ शकत नाही. पाणी चढताना किंवा उतरताना, पट्टे अर्धे उघडे असतात तो मधला काळच खरा उपयोगाचा. त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पट्टे लांबवर उघडे पडतात आणि अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या दिवसांत, पाणी धड चढत नाही की उतरत नाही. केंद्राचे वेळापत्रक रोज बदलते ते यासाठी. ‘शनिवारी सकाळी दहाचीच बोट हवी’ असा आग्रह धरणाऱ्याला खाडी दाद देत नाही.

ओहोटीत उघडा पडणारा काळपट चिखल हा निव्वळ गाळ आहे, असे बोटीतल्या निम्म्या लोकांना वाटत असते. हा गाळ खाडीतला सर्वांत गजबजलेला भाग आहे. वरच्या पातळ थरात सूक्ष्म शैवाल, त्याखाली गांडुळांच्या जातकुळीतले समुद्री कृमी, शिंपले आणि खेकडे. किनारी पक्ष्यांच्या चोचींची लांबी कमी-जास्त असते, कारण प्रत्येकाचे भक्ष्य वेगवेगळ्या खोलीवर दडलेले असते. बोट थांबवून नुसत्या डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे ती निवटी. बोटभर ते वीतभर लांबीचा हा मासा पाण्याबाहेर, चिखलावर, पुढच्या परांचा कुबड्यांसारखा आधार घेत सरपटतो. डोळे डोक्याच्या टोकावर उचललेले. कोरडे पडले की तो ते खोबणीत ओढून ओले करून घेतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाण्याचा साठा असतो आणि ओली कातडी व तोंडाचे आतले अस्तर यांतून तो हवेतला प्राणवायू घेतो. म्हणूनच अधूनमधून तो कुशीवर लोळून अंग ओले करतो. नर पाठीचा पर उभारून उडी मारतो, ती मादीसाठी असते. निवटीला बेडकाचे पिल्लू समजणे हा बोटीवर नेहमी ऐकू येणारा गैरसमज; आगरी-कोळी घरांत ती चूक कोणी करत नाही, तिथे निवटीचे कालवण होते.

आता गर्दी ज्यांच्यासाठी येते ते रोहित. ते सैबेरियातून येतात, ही समजूत इतर स्थलांतरी पक्ष्यांवरून उचललेली आहे. मुंबईचे रोहित प्रामुख्याने गुजरातचे, कच्छच्या रणाकडचे. तिथे पावसाळ्यात खारट पाणी साचले की ते चिखलाचे बुटके बुरूज रचून त्यावर घरटे करतात. जोडी साधारणपणे एकच अंडे घालते. ‘इथे ते अंडी घालायला येतात’ हेही त्यामुळे चूक ठरते. ठाणे खाडीत ते केवळ पोट भरायला येतात, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे-जूनपर्यंत. करड्या रंगाचे पक्षी दिसतात ती वेगळी जात नव्हे. ती रणात वाढून आईबापांबरोबर आलेली लहान वयाची पोरे. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी इथल्या काही रोहितांवर उपग्रहाद्वारे माग देणारी यंत्रे बसवली, तेव्हा त्यांच्या गुजरातच्या वाऱ्या नकाशावर उमटल्या. हे प्रवास पुष्कळदा रात्री होतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले, तीही रात्रीचीच घटना.

रोहित जन्मतः गुलाबी नसतो. रंग येतो तो अन्नातल्या कॅरोटिनवर्गीय द्रव्यांतून, गाजराला रंग देणाऱ्या कुटुंबातल्याच. खाडीत दोन जाती असतात आणि त्या ओळखण्यासाठी रंगावर विसंबू नये, चोच पाहावी. छोट्या रोहिताची चोच गडद, लांबून काळी वाटावी इतकी. मोठ्याची फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळे. गर्दी प्रामुख्याने छोट्यांची असते. त्यांचे खाणे सूक्ष्म शैवाल, तर मोठा रोहित बारीक कवचधारी प्राणी, कृमी, शंख-शिंपले यांवरही जगतो. दोघेही चोच उलटी धरून खातात : डोके पायांपर्यंत खाली, चोचीची वरची बाजू जमिनीला, आणि जीभ भात्यासारखी मागेपुढे होऊन पाणी आत ओढते व कडेच्या जाळीतून बाहेर फेकते. गाळणीत राहील ते अन्न. रोहिताचा गुडघा उलटा वाकतो, हा आणखी एक लाडका समज. पायाच्या मध्यावर दिसणारा सांधा गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांत झाकलेला असतो.

एवढे पक्षी येतात त्या अर्थी खाडी स्वच्छ असणार, असा निष्कर्ष वर्तमानपत्री छायाचित्रांखाली हमखास काढला जातो. उलट बाजूने, ‘सांडपाण्याच्या गटारात कसली जीवसृष्टी’ असाही. दोन्ही एकाच चुकीची रूपे आहेत. शिवडीच्या चिखलावर रोहित मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९०च्या दशकात, म्हणजे खाडीभोवतीची वस्ती आणि कारखानदारी भरात असताना. सांडपाण्यातून येणारे नत्र आणि स्फुरद शैवालाला खत ठरतात. शैवाल माजले की छोट्या रोहिताला मेजवानी. त्याच पाण्यात प्राणवायू घटल्याने अनेक मासे मात्र टिकत नाहीत, आणि खाडीवर जगणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्यांत आता पूर्वीसारखी मासळी नाही. रोहितांची गर्दी हे शैवाल मुबलक असल्याचे लक्षण आहे, त्यापलीकडे काही नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे रोहित ‘पहिल्यांदाच’ आले, अशी बातमी समाजमाध्यमांवर फिरली. ते तेव्हा जवळपास तीन दशके नेमाने येतच होते. संख्या दरवर्षी सारखी नसते. अलीकडच्या गणनांत ती लाखापलीकडेही गेली आहे.

कांदळवनाबद्दल एकेकाळचा समज असा की ती पडीक, डास पैदा करणारी दलदल. दिवसातून दोनदा भरतीने धुतल्या जाणाऱ्या जागी डासांना फारसा वाव नसतो. भराव टाकून पाणी कोंडले की तो मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि २०१८ च्या अंतिम निकालाने कांदळवनतोडीला मनाई केली, तेव्हापासून हा समज मागे पडला. त्याची जागा आता नव्या समजाने घेतली आहे : जेवढे कांदळवन वाढेल तेवढे पक्षी वाढतील. ठाणे खाडीत नेमके याच्या उलट घडण्याची भीती आहे. गाळ साचून खाडी उथळ होते, उंचावलेल्या पट्ट्यावर तिवर रुजतो आणि रोहितांची उघडी चराई त्याखाली जाते. तिवर हाच इथला बहुसंख्य वृक्ष. चिखलातून पेन्सिलींसारख्या वर आलेल्या त्याच्या श्वसनमुळ्या बोटीतून सहज दिसतात, आणि जादा मीठ तो पानांवाटे बाहेर टाकतो. उन्हाच्या दिवशी पानावर त्याचे बारीक कण चमकतात. चिप्पी या कांदळवनातल्या दुसऱ्या झाडाच्या मुळ्या जाड आणि निमुळत्या. या झाडीत सोनेरी कोल्हाही राहतो, हे बहुतेक प्रवाशांच्या गावीही नसते.

कायदेशीर दर्जाबाबतही गोंधळ आहे. खाडीच्या पश्चिम काठचा, ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाला. १९८७ च्या मालवणनंतरचे हे राज्यातले दुसरे सागरी अभयारण्य. भोवतालच्या संवेदनशील क्षेत्रासह ६,५२१ हेक्टरांना २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. रामसर म्हणजे जागतिक वारसा स्थळ नव्हे. इराणमधल्या त्या शहरात १९७१ मध्ये झालेल्या पाणथळ जागांच्या कराराची ती यादी. त्या यादीत आल्याने मासेमारी बंद होत नाही; पाणथळीचा विवेकी वापर हे कराराचेच तत्त्व आहे. आणि रोहित हा काही राज्यपक्षी नाही. तो मान हरियालाचा.

बोटसफर म्हणजे डॉल्फिन, हे समीकरण दापोली आणि तारकर्लीच्या सहलींतून आले आहे. कोकण किनाऱ्याजवळ दिसणारा कुबडी डॉल्फिन हा सस्तन प्राणी असून श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. चार बोटींनी त्याला घेरून पाठलाग केला तर नेमका तो श्वासच अडतो. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेल्या प्राण्याला त्रास देणे गुन्हाही आहे. ऐरोलीच्या बोटीवर डॉल्फिनची अपेक्षा धरू नये.

रोहित गेल्यावर खाडी रिकामी होते, हेही खरे नाही. बगळे, पाणकावळे, खंड्या आणि शराटी वर्षभर असतात. उत्तरेकडून खरोखरच हजारो किलोमीटर उडून येणारे मालगुजा आणि कुरव ऑक्टोबरपर्यंत दाखल झालेले असतात, म्हणजे रोहितांच्या आधी. त्यांच्यासाठी नोव्हेंबरची सुरुवात चांगली. रोहितांचे मोठे थवे हवे असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल.