माशांच्या पिलांना आधी जिवंत खाद्य

आटपाडी, जत, माण भागात डाळिंबासाठी शेततळी झाली आणि काहींनी त्यात मासेही सोडले. पण मत्स्यजिरे, म्हणजे जिऱ्याएवढी पिले, थेट प्लॅस्टिकच्या तळ्यात ओतली की बरीचशी मरतात. या वयात कटला-रोहूला पाण्यात तरंगणारे बारीक जिवंत किडे लागतात. नुसत्या पेंडीवर भागत नाही. तळाला माती नसली की हे किडेही कमीच. शहरातले हौशी लोक काचेच्या पेटीतल्या माशांना हेच चारतात.

तेव्हा एक गुंठ्याचा, मीटरभर खोल मातीचा खड्डा वेगळा करावा. जिरे आणण्याआधी पंधरा दिवस त्यात १०० किलो शेण कालवून टाकावे. मोठ्या तळ्यात शेण नको, ठिबकचे फिल्टर चोंदतील! मग ५० लिटर पाणी बारीक कापडातून गाळून बघा. एक-दोन मिलिलिटर वळवळता गाळ उरला तरच जिरे आणा. मोठे पाणकिडे मात्र आधी जाळीने काढा, ते पिलेच खातात.

पहाटे पिले वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागली तर शेण बंद, ताजे पाणी सुरू. बोटाएवढी झाली की मोठ्या तळ्यात सोडा.